बाठ्यांचा जमाखर्च : कृषिमंत्र्यांस एक अनावृत पत्र

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांच्या सेवेशी,



मंत्र्यांच्या दप्तरी रोज येणाऱ्या शेकडो अर्जांत आणखी एकाची भर घालावी आणि तो अव्वल कारकुनाच्या शेऱ्यासह एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहावा अशी माझी इच्छा नसल्यामुळे, आणि ज्या विषयावर मला लिहावयाचे आहे तो शेती, उद्योग, उत्पादन शुल्क व अन्नसुरक्षा अशा चार खात्यांच्या शिवेवर पडलेला असून त्यांपैकी कोणतेही एक खाते त्याला आपला म्हणेल असा संभव दिसत नसल्यामुळे, मी हे पत्र अनावृत ठेवले आहे. यापूर्वी एका कचेरीत याच विषयाचा अर्ज मी रीतसर दाखल केला होता. अडीच महिन्यांनी तो ‘सदरहू बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ एवढ्या शेऱ्यानिशी परत आला. शेऱ्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण तो खरा होता.

राजापूर तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावी तीस-बत्तीस वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक असून, वडिलार्जित पस्तीस हापूस कलमे आणि कुंपणाच्या कडेने आपोआप उगवलेली रातांब्याची सात-आठ झाडे एवढीच माझी इस्टेट आहे. या विषयात मी कोणी तज्ज्ञ नव्हे. परंतु शाळेने मोडीत काढलेली एक ब्युरेट, दोन चंचुपात्रे आणि स्पिरिटचा दिवा यांच्या साहाय्याने पडवीत बसून मी जे काही पाहिले आहे ते डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि तेवढ्याच बळावर लिहीत आहे.

विषय बाठ्याचा आहे. देशावर ज्याला कोय म्हणतात त्याला आमच्याकडे बाठा म्हणतात. वैशाखाच्या अखेरीस, पेटीत भरण्याजोगा आंबा मुंबईस रवाना होऊन गेल्यावर जो बारका, डागी, पडीचा आंबा राहतो तो ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून किलोच्या भावाने रस काढणाऱ्या कारखान्यांकडे जातो, आणि त्या दोन-अडीच आठवड्यांच्या धांदलीत कारखान्याच्या पुढल्या दाराशी टेम्पोंची जशी रांग लागलेली असते तसाच मागल्या अंगास बाठ्यांचा व सालींचा ढीग वाढत असतो. शंभर किलो आंबा आत गेला तर डब्यात जाणारा रस साठ-पासष्ट किलोंच्या आसपास भरतो. उरलेला तिसरा हिस्सा, किंवा त्याहूनही थोडा अधिक, हा ज्या क्षणी रसापासून सुटला त्याच क्षणी मालकाच्या लेखी माल राहत नाही, ब्याद होतो. त्यातले काही बाठे रोपवाटिकावाले नेतात, कारण कोयकलमास ताजाच बाठा लागतो आणि महिनाभर पडून राहिलेला रुजत नाही. काही साल गुरांपुढे पडते. आणि बाकीचा ढीग, त्यावर माशांचे मोहोळ घोंगावू लागल्यावर व आंबूस वास वस्तीपर्यंत पोहोचून तक्रार गेल्यावर, खड्ड्यात किंवा खाडीच्या काठी जातो. हे करणारा कारखानदार दुष्ट असतो असे नाही. त्या दिवसांत त्याला झोपावयास वेळ नसतो, आणि ढिगाला गिऱ्हाईक नसते.

आता या ब्यादीच्या पोटात काय असते ते सांगतो. बाठ्याचे कठीण कवच फोडले म्हणजे आत जो गर निघतो तो वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा स्निग्धांश असतो, आणि त्यात स्टिअरिक व ओलेइक या दोन मेदाम्लांचे प्राबल्य असल्यामुळे तो हाताला घट्ट पण अंगाच्या उबेस वितळणारा, म्हणजे गुणाने कोकोच्या लोण्याचा जवळचा भाऊबंद ठरतो. ही माझी आवड बोलत नाही. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला त्यात कोकोच्या लोण्याखेरीज केवळ सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांना, तेही तयार मालाच्या पाच टक्क्यांच्या आत, प्रवेश दिला आहे : बोर्निओतील इलिपे, पाम, आपल्या मध्य भारतातील साल वृक्षाच्या बिया, आफ्रिकेतील शिया, आणि उरलेले दोन म्हणजे आंब्याची कोय व कोकम. त्या यादीत कोकमाला ‘कोकम गुर्गी’ असे नाव दिलेले आहे; हा ‘गुर्गी’ कोण, हे आमच्या वाडीत कोणालाही सांगता आले नाही. पण नाव काहीही असो, ब्रुसेल्सच्या दप्तरात नोंदल्या गेलेल्या सहा पदार्थांपैकी दोन माझ्या कुंपणाच्या आत पिकतात, आणि त्यांतला एक मी आजवर उकिरड्यावर टाकीत आलो, हे कळले त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

दुसरा, म्हणजे रातांबा अथवा कोकम, मात्र आमच्या घरात कधीच उकिरड्यावर गेला नाही. रातांबे फोडून त्यांच्या साली रसाची व मिठाची पुटे देत उन्हात वाळवल्या की त्यांची आमसुले होतात, खारवलेला रस आगळ म्हणून बरणीत जातो, आणि मागे राहते बी. माझी आजी ती बी राखेत चोळून, धुऊन, कडकडीत वाळवून ठेवी आणि पावसाळा सरल्यावर सवडीने तिचा गर उखळात कुटून पाण्यात घालून तासन्‌तास उकळीत बसे. पाण्यावर तवंग येई, तो ती पळीने अलगद काढून निववी, आणि थिजू लागला की मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळी. मुठीत वळले म्हणून ते मुठेल. थंडीत टाचांना पडलेल्या भेगा, ओठ, भाजलेली कातडी, एवढेच नव्हे तर अडीअडचणीस भाकरीवरचे तूप, असा त्या गोळ्याचा अधिकार घरात चालत असे. पाणी, विस्तव आणि धीर यांपलीकडे त्या कृतीस काही लागत नव्हते. आज ज्याला शाश्वत निष्कर्षण म्हणतात, आणि ज्याच्यावर देशोदेशी परिसंवाद भरतात, ते याहून निराळे काय असावे, असा प्रश्न मला पडतो. मात्र त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की आजीच्या पातेल्यात जितके तेल वर येई त्याच्या जोडीस बरेचसे चोथ्यातच राहून जाई, आणि चोथ्यातले ते तेल काढण्यास पाणी असमर्थ असते.

आजीने बियांचे जे केले ते आपण बाठ्यांचे करून पाहू, या हौसेने काही वर्षांपूर्वी मी शेजारच्या गावातील एका कारखान्यातून बाठ्यांच्या आठ गोणी आणल्या, घरच्या व वाडीतल्या चार माणसांना जमवून त्या धुऊन घेतल्या आणि खळ्यात पसरल्या. चार दिवस ऊन चांगले लागले. पाचव्या दिवशी संध्याकाळी दक्षिणेकडून काळे आले, ताडपत्री ओढेपर्यंत निम्मे बाठे भिजले, आणि मृगाला अजून आठवडा आहे या भरवशावर मी ते तसेच झाकून ठेवले. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तेव्हा आतून वाफ आली. बाठ्यांवर काळी-हिरवी बुरशी होती, आणि काहींना तर चक्क मोड फुटले होते. त्यातल्या दिसावयास बऱ्यांचा गर काढून मी त्याचे थोडे तेल मिळवले, ते कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून दाहक सोड्याचा पातळ द्राव सोडू लागलो. तेल चांगले असले तर थोडक्यात गुलाबी रंग येतो आणि ठरतो. येथे ब्युरेट एकदा रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी रंग येई आणि हलवताच मावळे. तेल तेलच राहिले नव्हते. फुटून त्यातली मेदाम्ले सुटी झाली होती. अशा तेलाला चॉकलेटवाला सोडाच, साबणवालाही पूर्ण भाव देत नाही. आणि ज्या गरावर बुरशी चढली तो माणसाच्या पोटात जावयाच्या कोणत्याही पदार्थात घालणे हा तर गुन्हाच होय.

या एका फसलेल्या प्रयोगाने मला जे शिकवले ते पुढे वाचलेल्या कोणत्याही निबंधाने शिकवले नाही, आणि या पत्राचा सारा मुद्दा तोच आहे. आंब्याचा बाठा हे निर्जीव टरफल नव्हे, ते जिवंत बीज आहे. रसातून मोकळे झाले की त्याला एकच ध्यास असतो, तो रुजण्याचा. आणि आतला पिठूळ गर व त्यातला स्निग्धांश ही अंकुराच्या वाटेची शिदोरी असल्यामुळे, ओल आणि ऊब मिळताच त्याच्यातली विकरे ती शिदोरी सोडू लागतात. सालीचे तेच. कापलेले वांगे जसे बघता बघता काळवंडते तशी आंब्याची ओली सालही काही तासांत तपकिरी पडते, आणि ज्या द्रव्यांसाठी ती घ्यावयाची ती द्रव्येच त्या तपकिरी रंगात खर्ची पडतात. म्हणजे या उपपदार्थांतून सत्त्व निघणार की नाही याचा निकाल मुंबईच्या, पुण्याच्या वा म्हैसूरच्या प्रयोगशाळेत लागत नाही. तो कारखान्याच्या मागल्या अंगणात, पहिल्या चोवीस तासांत लागून चुकलेला असतो. पुढे कितीही मोलाचे यंत्र आणले तरी नासलेल्या गरातून ते नासलेलेच तेल काढून देणार.

आपल्याकडे मात्र नेमका उलटा क्रम चालतो. परिषदा भरतात, प्रकल्पांचे अहवाल छापले जातात, त्यांत क्षेपणास्त्रासारखी दिसणारी निष्कर्षण-यंत्रे रंगीत चित्रांत झळकतात, आणि बाठा वाळवावयाचा कोठे व कोणी, हे एका ओळीतही सापडत नाही. वाळवणे हे काम प्रतिष्ठेचे नाही, हेच त्याचे कारण असावे. वास्तविक त्याची सोय फार अवघड नाही. रसाचे डबे निर्जंतुक करण्यासाठी कारखान्यात बाष्पक असतोच, आणि बाठ्याचे जे तंतुमय कवच फोडून काढावे लागते ते वाळल्यावर चांगले जळण होते. तेव्हा कवचाच्या आचेवर गर वाळवणारी, पावसाची पर्वा न करणारी एक बंदिस्त भट्टी पाच-सहा कारखान्यांत मिळून एक, अशी उभारली तर बाहेरून लाकूड किंवा कोळसा फारसा आणावा लागणार नाही. ओली साल दूरच्या शहरी पाठवावयाची म्हणजे तीन-चतुर्थांश पाणीच घाट चढवून न्यावयाचे, आणि त्याच्या डिझेलचा धूर हिशेबात न धरता वर शाश्वततेचा शिक्का मारावयाचा, असला जमाखर्च मला पटत नाही.

सालीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्यात बाठ्याहूनही अधिक आहे आणि तिच्याकडे लक्ष त्याहून कमी आहे. जाम व जेली ज्याच्यामुळे धरते त्या पेक्टिनचा मोठा पुरवठा जगात लिंबू-संत्र्यांच्या सालींतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून होतो. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १८२५ मध्ये या पदार्थाला हे नाव दिले, आणि आज आपल्याकडच्या कारखान्यांत लागणारे बरेचसे पेक्टिन परदेशांतून येते. आंब्याच्या सालीत ते असते. शिवाय तिच्यात मँगिफेरिन नावाचे एक फिकट पिवळे द्रव्य आणि त्याच्या गोतावळ्यातली इतर पॉलिफिनॉल द्रव्ये असतात. तेलाचे खवट होणे लांबवण्याचा त्यांचा गुण प्रयोगशाळेत सिद्ध आहे, म्हणून खाद्यतेलांत व प्रसाधनांत त्यांना मागणी येऊ शकते. कृतीचा क्रम बरोबर लावला तर एकाच सालीतून दोन्ही निघतात. वाळलेली साल प्रथम पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये भिजवली की मँगिफेरिन आणि त्याचे सोबती, साखरेसह, द्रावात उतरतात; मग उरलेली साल किंचित अम्ल घातलेल्या कढत पाण्यात शिजवली की पेक्टिन पाण्यात येते; आणि त्या गाळलेल्या पाण्यात पुन्हा अल्कोहोल ओतले की पेक्टिन जिलेटिनसारखे गोळा होऊन वर येते. अल्कोहोल दोन्ही खेपा ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते. जे अखेरीस उरेल ते गोबर गॅसच्या टाकीत जावे आणि टाकीतली मळी बागेत जावी, म्हणजे झाडाचे झाडाला पोहोचले.

आता गंमत अशी की हे अल्कोहोल आपल्या राज्यात येते कोठून? साखर कारखान्यांच्या मळीतून. म्हणजे उसाच्या उपपदार्थाने आंब्याच्या उपपदार्थाचे सत्त्व काढावयाचे, इतका सरळ व घरचा हा व्यवहार आहे. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे अल्कोहोल बाळगावयास, आणावयास, वापरावयास आणि पुन्हा उतरवावयास परवाने लागतात, आणि ते देणारे खाते आपले नव्हे. दारू पिणाऱ्यांवर डोळा ठेवण्यासाठी केलेली ही तजवीज चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र वर्षातून सहा आठवडे साल भिजवणाऱ्या बचत गटाला किंवा छोट्या कारखान्याला मोठ्या मद्यार्क कारखान्याइतकीच दप्तरे भरावयास लावली, तर तो परवान्याच्या वाटेस न जाता साल खाडीत टाकील. हंगामी, मर्यादित आणि न पिण्याजोगे केलेल्या अल्कोहोलपुरता सुटसुटीत दाखला मिळावा, यासाठी आपण आपल्या सहकारी मंत्र्यांकडे शब्द टाकावा, ही माझी पहिली आणि सर्वांत कमी खर्चाची मागणी आहे. अल्कोहोल न पिण्याजोगे करताना त्यात काय घालावे याचा विचार मात्र जपून व्हावा, कारण जे घालू ते अर्कातही उतरेल.

विद्रावकाच्या निवडीवरच या धंद्याची नीती ठरते. तेलबियांच्या पेंडीतून उरलेसुरले तेल काढण्यासाठी सर्रास वापरला जाणारा हेक्झेन हा खनिज तेलाचाच अंश, ६९ अंशांवर उकळणारा आणि ठिणगीसरशी भडकणारा. कोकणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जेथे विजेची तार उघडी आणि बिडी ओढणारा जवळच उभा, तेथे तो मला नको वाटतो. दुसरा मार्ग दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचा आहे. हा वायू ३१ अंशांच्या वर, म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी जो उष्मा सहज असतो तेवढ्याच तापमानावर, पण वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली ठेवला की धड वायू नाही आणि धड द्रव नाही अशा अवस्थेत जाऊन तेले व सुगंध ओढून घेतो, आणि दाब सोडताच मागमूस न ठेवता उडून जातो. जर्मनीत म्युलहाइम येथे कुर्ट झोझेल यांनी १९६०च्या दशकात कॉफीतले कॅफीन काढण्यासाठी हा मार्ग शोधला. मार्ग निर्मळ आहे यात शंका नाही. पण त्या दाबाची पात्रे फार महागाची, आणि पेक्टिन किंवा मँगिफेरिनसारख्या पाण्याच्या ओढीच्या द्रव्यांना तो हातही लावीत नाही. आपल्या घरचाही एक विचार आहे. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रशास्त्राच्या संस्थेत, जी १९३३ पासून उभी आहे, प्रा. विलास गायकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मिऱ्यांतील पायपरीन पाण्यानेच काढून दाखवले. पाण्यात विशिष्ट क्षार भरपूर विरघळवले की जे एरवी पाण्यात विरघळत नाही तेही विरघळते, आणि नंतर नुसते पाणी वाढवले की ते आपोआप खाली बसते. हे काम २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यातले खारे पाणी पुन्हा आटवून वापरण्याचा खर्च कोणी कमी करून दाखवला तर हा मार्ग हळदीच्या व मसाल्याच्या चोथ्यासाठी मला सर्वांत आशेचा वाटतो. तोवर सालीला अल्कोहोल आणि कोकमाच्या बियांना आधी घाणी, मग कढत पाणी, एवढ्यावर भागवावे.

आणि आता एक इशारा, जो माझ्याच बाजूच्या मंडळींना आवडणार नाही. ‘आरोग्यदायी सत्त्व’ या शब्दाने माणसाचे डोके फिरते. कोकमाच्या आणि केरळात आमटीत घालतात त्या कुडमपुळीच्या आंबटपणाचे मूळ काय, याचा उलगडा म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लेविस व नीलकंठन यांनी १९६५ मध्ये केला. ते अम्ल लिंबातले नसून हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल आहे असे त्यांनी दाखवले. अतिशय शांत, नेटके काम. पुढे १९९०च्या दशकात परदेशी कोणाला तरी त्या अम्लात वजन उतरवणारा परीस दिसला, गोळ्यांच्या बाटल्यांनी दुकाने भरली, आणि आपल्याकडूनही अर्काची निर्यात सुरू झाली. १९९८ साली अमेरिकेत १३५ माणसांवर बारा आठवडे घेतलेल्या चाचणीत त्या गोळ्या खाणाऱ्यांचे आणि नुसत्या बनावट गोळ्या खाणाऱ्यांचे वजन सारखेच उतरले. नंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही आल्या. सोलकढी पिऊन कोकणात कोणाचे यकृत बिघडल्याचे मी ऐकलेले नाही. फळात चिमूटभर असलेली वस्तू शेकडोपट घट्ट करून गोळीत कोंबली की तिचे गोत्र बदलते. म्हणून सरकारी अनुदानावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाने मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा हे शब्द वेष्टनावर छापू नयेत. पेक्टिन जेली धरते, मुठेल कातडी मऊ करते, सालीचा अर्क तेलाचे खवट होणे लांबवतो. इतके खरे पुरेसे आहे, आणि ते विकताही येते.

याच जोडीला फवाऱ्यांचे प्रकरण आहे, ज्याविषयी सारे गप्प असतात. तुडतुड्यांसाठी मोहोरापासून आपण जे मारतो ते सर्वांत आधी सालीवर बसते, आणि खाणारा साल टाकून देतो म्हणूनच आजवर निभावले. अर्क काढणारा मात्र सालच घेतो आणि तिच्यातले सारे घट्ट करतो, त्यात औषधाचा अंशही आला. कॅनिंगच्या टेम्पोत दहा बागांचा आंबा एकत्र येतो. कोणत्या बागेत काय व केव्हा मारले याची वही कोठेही नसते. ती वही सुरू झाल्यावाचून सालीच्या अर्कास अन्नात प्रवेश देऊ नये, हे मी स्वतः बागायतदार असून लिहीत आहे, आणि यावरून शेजाऱ्यांची बोलणी खाण्याची माझी तयारी आहे.

राज्याच्या इतर भागांतही हाच खेळ आहे : नाशिकच्या वाइनच्या कारखान्यांमागे द्राक्षांच्या बियांचा व सालींचा चोथा, विदर्भात संत्र्याच्या साली, आमच्या दक्षिणेला गोव्यात काजूच्या बोंडूपासून फेणी तरी होते पण सिंधुदुर्गात पुष्कळसा बोंडू झाडाखाली कुजतो. त्यांच्याविषयी त्या त्या ठिकाणच्या जाणत्यांनी लिहावे. कोकणातल्या माणसाने नागपूरकरांस संत्रे शिकवू नये. आमच्या कोकण कृषी विद्यापीठाने मात्र १९९२ साली ‘सिंधू’ नावाची आंब्याची जात दिली, तिच्यात बाठा इतका पातळ की असून नसल्यासारखा. बाठ्याचे मोल मागत बसलेल्या मला हे कळल्यावर हसू आले. तरी विद्यापीठाने आता उरलेल्या झाडांच्या जाड्या बाठ्यांकडेही एकदा वळून पाहावे.

पैशाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. बाठा आज फुकट मिळतो म्हणून या धंद्याचा हिशेब जमतो, आणि ज्या दिवशी त्याला भाव येईल त्या दिवशी तो कोणाचा, असा तंटा उभा राहील. कारखान्यात रांगेने बसून दिवसभर आंबे पिळणाऱ्या, सालीच्या चिकाने बोटांना फोड आलेल्या बाया हा ढीग हाताने निर्माण करतात. धुणे, निवडणे, फोडणे हेही काम त्यांच्याच पदरी येणार. तेव्हा गराचा भाव किलोवर न ठरवता त्यातील ओल आणि सुटे अम्ल मोजून ठरवावा. वर सांगितलेली ब्युरेटची चाचणी दहावी झालेली मुलगी अर्ध्या तासात शिकते, मी शिकवलेली आहे. चांगला वाळवलेला गर आणि नासका गर यांच्या भावात जे अंतर पडेल ते वाळवणाऱ्या हातांना थेट मिळाले तर बुरशीचा बंदोबस्त करण्यासाठी निरीक्षक नेमावा लागणार नाही. रोपवाटिकांना लागणारे ताजे बाठे मात्र यातून वगळावेत. कलमे करणाऱ्यांच्या पोटावर पाय देऊन चॉकलेट गोड करण्यात काही पुरुषार्थ नाही.

तात्पर्य नव्हे, तारखा लिहितो. कॅनिंग अक्षय्य तृतीयेच्या पुढे भरात येते आणि मृग लागला की संपते. वाळवणाच्या भट्ट्या त्याआधी उभ्या राहावयाच्या तर जागा व मंजुरी शिमग्यापूर्वी हवी, म्हणजे निविदा माघात निघाली पाहिजे, आणि अल्कोहोलच्या दाखल्याची तजवीज त्याहूनही आधी. हे पत्र मी मार्गशीर्षात लिहीत आहे ते याचसाठी. रत्नागिरी आणि देवगड या दोनच ठिकाणी, दोनच हंगाम, पदरचा थोडा पैसा घालून करून पाहावे. फसले तर का फसले ते मीच पहिल्याने लिहून कळवीन, त्यासाठी ब्युरेट अजून शाबूत आहे.

पत्रासोबत कागदाच्या पुडीत मुठेलाचा एक गोळा पाठवीत आहे. तो गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या घरात, आजीच्या पद्धतीने, कढत पाण्यावर काढलेला आहे. चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे मुंबईपर्यंतच्या टपालात त्याला काही होणार नाही. टाचेस लावण्यापूर्वी तो किंचित शेकावा लागतो.

आपला,
एक निवृत्त रसायनशिक्षक,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी